काचपेटीतले केस

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं एकशे चाळीस आहेत आणि काचपेटी एक. पुस्तकांवर धूळ असते, काचपेटीवर नसते, कारण ती पुसायचं काम माझ्याकडे आहे. पेटीत लाल मखमलीवर हातभर लांबीचे काळेभोर केस ठेवलेत. खाली पाटी आहे: ‘सुप्रसिद्ध रॉक गायक शॅली ग्रॅम यांनी पितृऋणातून उतराई होण्यासाठी अर्पण केलेले केस, सन १९८८.’ धुळ्याचा एक टकला वकील दर अमावास्येला एस.टी.नं येतो, पेटीला डोकं टेकवतो आणि नारळ फोडून जातो. तीन वर्षांत त्याच्या डोक्यावर एक केस उगवला नाही, पण श्रद्धा मात्र दाट होत चालली आहे.

मी निंबा, धंद्यानं न्हावी. माणूस कितीही मोठा असो, माझ्यापुढं मान खाली घालूनच बसतो, त्यामुळं मोठेपणाचं मला फारसं कौतुक नाही. पेटीतले केस मी माझ्या हातानं कापलेत. दरवर्षी पुण्यतिथीला त्यांना तेल लावून विंचरायचं कामही समितीनं मलाच दिलंय. शॅली ग्रॅम पन्नाशीच्या आतच गेला, शहाण्णव साली. आता त्या केसांची खरी हकिगत सांगायला हरकत नाही.

शॅली ग्रॅम म्हणजे आमचा शालिग्राम. बोदवड स्टेशनापासून आठ किलोमीटर आत आमचं गाव, आणि तिथल्या तोताराम आबांचा हा एकुलता एक मुलगा. आबांची केळीची बाग होती, थोडी कपाशी. शालिग्राम जळगावला कॉलेजात गेला आणि गिटार घेऊन परत आला. मग मुंबईला गेला, तिथं नाव बदललं आणि ‘ब्लॅक कॉटन’ नावाचा बँड काढला. आबांना कोणीतरी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, “कापूस काया कव्हा झाला रे निंबा? काया पडला म्हंजे भिजला. भिजल्या कापसाले कोन भाव देतं?”

पण भाव मिळाला. दिल्ली, कलकत्ता, बंगलोर, सगळीकडची कॉलेजची पोरं त्याच्यापायी वेडी झाली. तो काय गायचा ते आमच्या गावात कोणालाच कळलं नाही, कारण तो इंग्रजीत ओरडायचा. कळायचे ते केस. पाठीवर रुळणारे केस गाताना असे गरागरा फिरवायचा की बघणाऱ्यालाच घेरी यावी. चौऱ्याऐंशी साली ग्रामपंचायतीत टीव्ही आला आणि एकतीस डिसेंबरच्या कार्यक्रमात तो आम्हाला तीन मिनिटं दिसला. गावातल्या म्हाताऱ्या भिकुबाईला वाटलं, पोराच्या अंगात आलंय. तिनं उठून टीव्हीला हळदकुंकू लावलं.

गावात तो शेवटचा आला होता त्र्याहत्तर साली, चुलतभावाच्या लग्नाला. तेव्हाच केस खांद्याच्या खाली होते. मांडवातले लोक नवरी सोडून त्याच्याकडेच बघत होते. आबांनी पाहुण्यांदेखत सांगितलं, “हे रान उतरवशीन तव्हाच माह्या दारात पाय ठेवजो.” शालिग्रामही त्याच बापाचा. म्हणाला, “मग नाही ठेवत.” दोघंही शब्दाचे पक्के निघाले. शब्दाच्या पक्क्या माणसांचं फार वाईट असतं, ती एकमेकांच्या दारावरून जात नाहीत आणि कुणाला दोषही देता येत नाही.

आबा दर पंधरा दिवसांनी दाढीला माझ्याकडं यायचे. डोक्यावर मला काही काम नव्हतं. या कानापासून त्या कानापर्यंत मागून एक पांढरी झालर, बाकी सगळं मोकळं मैदान. त्यांच्या वडिलांचं तसंच होतं, दोन्ही काकांचं तसंच. तिशी उलटली की त्या घराण्यातले केस सासरी जात, ते परत माहेरी येत नसत. माझ्या दुकानात भिंतीवर शालिग्रामचा मासिकातून कापलेला फोटो होता. आबा त्याच्याकडं कधी सरळ बघायचे नाहीत. खुर्चीत बसून आरशातून बघायचे, आणि मी साबण लावायला लागलो की डोळे मिटायचे.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत दाढी झाल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून एक कोरी पांढरी टोपी काढली. बोदवडच्या बाजारातून आणली होती.

“हे ठेव तुह्याजोळ. शालिग्राम आला त त्याले दे. डोक्याले ऊन लागीन त्याच्या.”

मी हसलो. “आबा, त्या केसायवर टोपी बसीन का? टोपी वर राहीन अन् तो खाली.”

“तू ठेव,” ते म्हणाले आणि उठले.

म्हातारपणी माणसाचं असं व्हायचंच, असं म्हणून मी ती खणात टाकली.

पुढच्या वैशाखात आबा गेले. पुतण्यानं अग्नी दिला. मुंबईला तार गेली होती, पण शालिग्राम कुठं आसामात गात होता, तो पोचला नवव्या दिवशी संध्याकाळी. मोटार, मोटारीत मॅनेजर, मॅनेजरच्या मांडीवर फोटोग्राफरची पेटी. गावाच्या वेशीवर कापडी फलक होता: ‘दुःखद प्रसंगी शॅली ग्रॅम यांचे हार्दिक स्वागत.’ तो चुडामणभाऊंनी लावला होता. चुडामणभाऊ आमचे सरपंच. महिन्यापूर्वीपर्यंत ते शालिग्रामला नाच्या म्हणत. टीव्हीवर आलेल्या माणसाचा बाप आपल्या गावात मेला, हे लक्षात आल्यापासून ते ‘आपला शॅली’ म्हणू लागले होते. त्यांनी पाहुण्यांना पंचायतीच्या खोलीतच उतरवून घेतलं. आबांच्या घरी शालिग्रामची थोरली विधवा बहीण बेबाबाई एकटीच होती. तो तिकडं गेला नाही. तीही आली नाही. अट अजून दारात उभी होती.

दहाव्याला नदीवर मुलाचं मुंडन झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळं रात्रीत गावाचे दोन पक्ष पडले. एक म्हणे काढेल, एक म्हणे काढणार नाही. मॅनेजर मात्र एकटाच तिसऱ्या पक्षात होता. बारा दिवसांनी मुंबईत मोठा कार्यक्रम, तिकिटं संपलेली, आणि पोस्टरवर शालिग्रामच्या तोंडापेक्षा केसच जास्त. तो सकाळीच माझ्या दुकानात आला.

“एक बट कापून चालणार नाही का? प्रतीकात्मक?”

मी म्हटलं, “साहेब, बाप पूर्ण मेलाय. बटभर नाही.”

त्याच्या पाठोपाठ चुडामणभाऊ आले. “निंबा, वस्तऱ्याले धार लावून ठेव. जळगावचे पेपरवाले येऊन राह्यले. हात थरथरला त गावाची अब्रू जाईन.”

नदीत वैशाखात पाणी कुठलं? चुडामणभाऊंनी टँकर मागवून खळग्यात ओतला होता. त्या काठावर निदान हजार माणसं. पाचोऱ्याहून, धरणगावहून टेम्पो करून आलेली. ज्यांना आबांचं नावही माहीत नव्हतं ती बाया-माणसं आबांसाठी डोळे पुसत होती आणि पुसता पुसता केसांकडं बघत होती. शालिग्राम उघड्या अंगानं येऊन पाटावर बसला. मान जराही इकडची तिकडं होऊ दिली नाही. लोकांना वाटलं, मनात झुंज चाललीय. मलाही तसंच वाटलं.

मी त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि कपाळापासून बोटं आत घातली. न्हाव्याची बोटं आंधळ्याची असतात, डोळ्यांच्या आधी त्यांना समजतं. केसांच्या मुळाशी कातडी नव्हती. जाळी होती.

माझा हात थांबला. तो थांबलेला त्याला कळला. मान न वळवता तो पुटपुटला, “निंबा, माह्या बापाच्या दहाव्याले माही अब्रू घेऊ नको.”

पंधरा वर्षांनी त्याच्या तोंडातून गावची बोली निघाली होती. मी उभा राहिलो आणि ओरडलो, “आडोसा लावा! एकुलत्या एक मुलाचे केस उघड्यावर उतरवत नाहीत. जुना नेम आहे.”

असा कुठलाही नेम नव्हता. पण चुडामणभाऊंनी ताबडतोब माइक उचलला आणि ही आपल्या गावची हजार वर्षांची परंपरा असल्याचं जाहीर केलं. चार माणसांनी चार धोतरं धरली. त्या दिवसापासून आमच्या गावात दहाव्याचं मुंडन आडोशातच होतं. मागच्या वर्षी एक प्राध्यापक येऊन त्यावर माहिती लिहून घेऊन गेले. मला त्यांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, मला आठवतं तेव्हापासून.

आडोशाच्या आत शालिग्रामनं स्वतःच्या हातानं विग सोडवला आणि मांडीवर ठेवला. खालून आबा निघाले. तीच चकाकी, तीच कानामागची झालर, डाव्या बाजूला तोच खळगा. माझ्या तोंडून ‘आबा’ निघता निघता राहिलं.

“कव्हापासून?”

“अठ्ठ्याहत्तरपासून.”

मी मनात वर्षं मोजली. “मंग आबाची अट त...”

“दहा वर्षांपूर्वीच पुरी झाली.” तो जाळीकडं बघत बोलत होता. “पण घरी यायचं तर हे काढून यावं लागलं असतं. कोणीतरी बघितलं असतं, छापलं असतं. म्हटलं, पुढच्या वर्षी. एक मोठा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग. दर वर्षी एक मोठा कार्यक्रम निघायचा, निंबा.” आणि तो रडायला लागला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून पंचा तोंडात धरून रडला. मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती, दोन्ही एकदम.

“हे कोनाचे?” मी केसांना हात लावून विचारलं.

“दक्षिणेतल्या कुठल्या तरी देवळातले. कोण्या बाईनं नवसाचे दिलेले. केस खरे आहेत, माणसाचेच आहेत. फक्त माझे नाहीत.”

मी कात्रीनं त्या बटा जाळीपासून सोडवल्या आणि जाळी माझ्या पेटीत टाकली. मग वस्तरा घेतला, झालर उतरवली, मिशी उतरवली. त्याचं म्हणावं असं तेवढंच होतं, मूठभरसुद्धा नाही. ते मी टँकरच्या पाण्यात सोडलं. तिकडं कोणी बघितलं नाही.

“निंबा,” त्यानं हळूच विचारलं, “आबा कधी काही बोलायचे? माझ्याबद्दल? माझ्या केसांबद्दल?”

तेव्हा मला टोपी आठवली. आठवली म्हणजे डोळ्यांपुढं येऊन उभीच राहिली. आबांनी आपला बाप बघितला होता, काका बघितले होते, आरशात स्वतःला बघितलं होतं, आणि त्याच आरशात भिंतीवरचा फोटो बघितला होता. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पोराचं डोकं उघडं पडलंय, तो लाजेपायी येत नाही, आणि आला तर उन्हाचा येईल, एवढं सगळं म्हाताऱ्यानं माझ्या खुर्चीत बसून ओळखलं होतं. आणि मी त्याला हसलो होतो. टोपी माझ्या खणात होती. दुकान दोन मिनिटांवर.

मी म्हटलं, “नाही.”

भाजल्या माणसाला आणखी कशाला पोळायचं, असं मी मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

धोतरं खाली आली. उघडं डोकं दिसताच हरलेल्या पक्षातलेसुद्धा ओरडले. कोणीतरी ‘शॅली ग्रॅम अमर रहे’ सुरू केलं. तो जिवंत होता, पण असल्या गर्दीत एकच घोषणा सगळ्यांना पाठ असते. चुडामणभाऊंनी त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधून फोटो काढून घेतला, फेटा काढून दुसरा काढून घेतला. केस ताटात घालून गावातून मिरवणूक निघाली. पिंडाला कावळा केव्हा शिवला ते कोणी पाहिलंच नाही. दुपारी मोटार आबांच्या घराकडं न वळताच निघून गेली. मॅनेजर जाताना हसत होता. आता टकलावरच तिकिटं विकायची, हे त्याला बहुतेक मिरवणुकीतच सुचलं असावं.

मुंबईच्या कार्यक्रमात शालिग्राम तुळतुळीत डोक्यानं उभा राहिला आणि लोकांनी म्हणे दहा मिनिटं टाळ्या थांबवल्या नाहीत. बापासाठी केस देणारा रॉक गायक! वर्तमानपत्रं भरून गेली. ज्या पोरांनी त्याच्यापायी केस वाढवले होते त्यांनीच ते काढले. त्यांच्या घरची मंडळी पहिल्यांदाच त्याला चांगला म्हणाली. चुडामणभाऊ पुढच्या निवडणुकीत तालुक्याच्या गावी जाऊन बसले. गावात केश स्मारक समिती झाली, समितीला इमारत मिळाली, इमारतीला निमित्त हवं म्हणून तिला वाचनालय म्हटलं. आणि मी? मी दुसरी खुर्ची घेतली, पंखा बसवला आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीवर मोठी पाटी रंगवून घेतली: ‘शॅली हेअर कटिंग सलून. शॅली ग्रॅम यांचे केस याच हातांनी उतरवले.’ धरणगावचे लोक माझ्याकडं दाढीला यायचे. खोट्याची भाकरी खरीच असते, पोटात गेल्यावर फरक कळत नाही.

त्र्याण्णव साली वाचनालयाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणा म्हणून खुद्द शालिग्रामलाच बोलावलं. आता त्याला विगची गरज उरली नव्हती. पंचेचाळिशीचा, उघड्या डोक्याचा, सकाळी दाढीला माझ्याकडं आला आणि नेमका आबांच्या खुर्चीत बसला. मी साबण लावला आणि आरशात बघितलं. आरशात आबा होते. माझ्यानं वस्तरा उचलवेना.

मी खण उघडला आणि टोपी त्याच्या हातात दिली.

“आबांनी देल्ली होती. सत्त्याऐंशीच्या दिवाईले, तुमच्यासाठी. डोक्याले ऊन लागीन म्हने.”

तोंडाला फेस तसाच, त्यानं टोपी डोक्यावर घातली. बोटभरही सैल नाही, बोटभरही घट्ट नाही. त्यानं आरशात बघितलं.

“त्यांना माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मी नदीवर तुला विचारलं होतं, निंबा.”

“हो.”

“मग का नाही सांगितलंस?”

आरशात दाराबाहेरची पाटी उलटी दिसते. त्याची नजर तिच्यावर गेली, त्यानं ती उलटीच वाचली आणि पुन्हा विचारलं नाही. मी दाढी पुरी केली. पैसे घेतले नाहीत, त्यानंही विचारले नाहीत.

समारंभाला तो टोपी घालूनच गेला. चुडामणभाऊ फेटा घेऊन धावले, त्यानं हातानंच बाजूला केलं. हार हातात दिला तो त्यानं काचपेटीवर न घालता टेबलावर ठेवला आणि माइकसमोर उभा राहिला.

“हे केस माझे नाहीत,” तो म्हणाला. “मी अठ्ठ्याहत्तर सालापासून टकला आहे. हा विग होता. मी माझ्या बापाला काहीही दिलेलं नाही. दहा वर्षं मी खोटे केस सांभाळत बसलो आणि ते माझी वाट बघत बसले.”

मग चुडामणभाऊंनी माइक ओढला.

“पाहिलं? याला म्हनतात विनय! एवढा मोठा त्याग करून मानूस म्हनतो, मी काही दिलं नाही! केस माझे नाहीत म्हनतो! बरोबर आहे, शॅलीभाऊ. ते आता तुमचे नाहीतच. ते या बठ्ठ्या गावाचे आहेत!”

टाळ्या थांबेनात. शालिग्राम हात वर करून ओरडत होता, “निंबाला विचारा! निंबाला माहीत आहे!”

सगळं गाव माझ्याकडं वळलं. चुडामणभाऊ हसून म्हणाले, “सांग रे निंबा, केस कोनी उतरवले?”

जाळी माझ्या घरी होती, फडक्यात गुंडाळलेली. दोन मिनिटांवर. मी उठलो. समोर हजार डोळे, आणि त्यांत टोपीखालचे ते दोन. मी म्हटलं, “केस मीच उतरवले.”

ते खोटं नव्हतं. त्यापुढं मी काही बोललो नाही, आणि बोललो असतो तरी टाळ्यांत ऐकू गेलं नसतं. असं मी अजून मनाला सांगतो.

शालिग्राम खाली उतरला आणि मांडवातून सरळ बाहेर चालू लागला. त्याच्यामागं कोणी गेलं नाही, कारण आता नाश्ता होता. मी गेलो, लांबून. टळटळीत दुपार होती, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तो आबांच्या घरापुढं आला, बूट काढले आणि उंबऱ्याच्या अलीकडं उभा राहिला. मागून लाउडस्पीकरवर त्याच्या त्यागाची महती सुरूच होती. तो तसाच उभा, आत जात नव्हता.

बेबाबाई दारात आली. वीस वर्षांनी भाऊ दारात बघून तिनं पदर डोळ्यांना लावला. मग एकदम रागावली. “आत ये ना रे. एवढ्या उन्हात काय उभा राह्यला?”

शालिग्रामनं डोक्याला हात लावला.

“ऊन नाही लागत अक्का,” तो म्हणाला. “आबांनी टोपी देल्ली.”